मुलाला ब्लड कॅन्सर झाल्यावर: वॉर्डातला दिवस, परळचा मुक्काम आणि घरच्यांची कामं

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डात त्याला ‘ए-एल-एल’ म्हणतात. पैसेवाल्या देशांत या आजाराची दहातली सुमारे नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे आकडा त्याहून कमी आहे आणि त्यामागे दोन मोठी कारणं आहेत: उपचार चालू असताना होणारा संसर्ग, आणि पैसा, प्रवास, घरची ओढ यांपायी मधेच सोडलेले उपचार. कोणतं औषध किती द्यायचं ते डॉक्टर बघतात. पण या दोन गोष्टींत घरच्यांच्या हातात बरंच काही असतं. आमच्या मुलीचे उपचार झाले ते दिवस आणि आजूबाजूच्या बेडवरच्या आयाबापांकडून शिकलेलं, असं मिळून हे लिहिलं आहे. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर अर्थात त्यांचंच ऐकायचं.

आधी नकाशा समजून घ्या

पूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. हे पहिल्याच दिवशी स्वतःला आणि घरच्या मोठ्यांना स्पष्ट सांगून टाका. ‘महिनाभरात येतो परत’ असं सांगून निघालेली माणसं दुसऱ्या महिन्यात फार खचतात.

पहिला टप्पा इंडक्शन, साधारण चार-पाच आठवड्यांचा. रोज स्टिरॉइड, आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन, मधे अ‍ॅस्परॅजिनेज, काहींना लाल रंगाचं डॉनोरुबिसिन आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट. लाल औषधानंतर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. या टप्प्याच्या शेवटी बोनमॅरो (हाडातला मगज) काढून एमआरडी नावाची तपासणी होते. लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी किती उरल्या ते तिच्यात दिसतं आणि पुढची औषधं किती कडक द्यायची ते त्यावर ठरतं. मग काही महिने आलटून पालटून कडक केमोचे टप्पे, आणि सगळ्यात शेवटी दीडेक वर्षाचा मेंटेनन्स, जो बहुतेक गोळ्यांवर असतो.

लोक इंडक्शनच्या शेवटी फसतात. रिपोर्ट ‘रेमिशन’ येतो, पोर खेळायला लागतं, डोक्यावरचे केस सोडले तर सगळं ठीक दिसतं. मग गावाकडून फोन येतो, ‘आता बरं आहे ना, कशाला विष टोचताय अजून?’ रेमिशन म्हणजे पेशी तपासणीत दिसत नाहीत, एवढंच. औषध थांबलं की त्या परततात, आणि परतलेला आजार पहिल्याहून हट्टी असतो.

एक वही, दोन माणसं

दोनशे पानी पुठ्ठ्याची वही घ्या. फोनमध्ये लिहू नका. फोन चार्जिंगला लागलेला असतो नाहीतर मुलाच्या हातात असतो. रोजच्या पानावर तारीख, वजन, दोन-तीन वेळचा ताप, शी झाली की नाही, किती वेळा उलटी, कोणतं औषध किती वाजता, आणि सीबीसीचे (रक्तपेशी मोजायच्या तपासणीचे) चार आकडे: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट. पान उलटं करून मागच्या बाजूला डॉक्टरांच्या राऊंडला विचारायचे प्रश्न. राऊंड दोन मिनिटांत पुढच्या बेडवर जातो, आणि डॉक्टर समोर उभे राहिले की हमखास काही आठवत नाही.

रिपोर्ट वाचायला शिका, अवघड नाही. पांढऱ्या पेशी १२०० आणि त्यात न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ३६०. याला एएनसी म्हणतात. ५०० च्या खाली एएनसी म्हणजे शरीराकडे लढायला शिपाईच नाहीत. काही रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ‘१.२’ आणि प्लेटलेट ‘२०’ अशा छापलेल्या असतात. ते हजारांत वाचायचं, म्हणजे १२०० आणि वीस हजार.

दुसरं माणूस लागतंच. बहुतेक वॉर्डांत मुलाजवळ एकालाच राहू देतात आणि ती आई असते. आई सलग महिनाभर राहिली तर ती आजारी पडते, आणि खोकणारी आई मुलाजवळ चालत नाही. म्हणून बाबा, मावशी, आत्या, कुणीतरी एकजण ठरवून पाळी लावा. पाळी बदलताना वही हातात द्या आणि तोंडी एकच वाक्य सांगा: आता सगळ्यात जास्त कशावर लक्ष ठेवायचं आहे.

मुक्काम आणि कागद

मोठ्या केंद्राजवळ राहणं ही चैन नाही, उपचारांचाच भाग आहे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि त्याचंच खारघरचं केंद्र म्हणजे अ‍ॅक्ट्रेक. दोन्हीकडे महाराष्ट्राबाहेरूनही इतकी माणसं येतात की खोली मिळणं हीच पहिली लढाई होते. पहिल्याच आठवड्यात समाजसेवा विभागात जा आणि राहण्याच्या सोयीसाठी चिठ्ठी मागा. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांना फुकट राहता येतं आणि स्वतःचं अन्न स्वतः शिजवता येतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही परळच्या रुग्णांची जुनी ठिकाणं. जागा नसेल तर यादीत नाव घालून दर दोन दिवसांनी विचारत राहा. खोली बघताना भाड्याआधी तीन गोष्टी बघा: संडास किती जणांत आहे, गॅस पेटवू देतात का, आणि रात्री दोन वाजता दार उघडून बाहेर पडता येतं का. तिसरी कशासाठी, ते पुढे येईलच.

पावसाळ्यात एक जादा काळजी. परळजवळच्या हिंदमाताला पाणी भरलं की टॅक्सी मिळत नाही. जोराच्या पावसाचा इशारा असेल आणि दुसऱ्या दिवशी डे-केअरला (औषध देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथे) केमो असेल तर पहाटे लवकर निघा, आणि चालत जाता येईल असा उंचावरचा रस्ता आधीच बघून ठेवा.

कागदांची एक वेगळी पिशवी ठेवा, वैद्यकीय फाइलीत मिसळू नका. मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बायोप्सी किंवा बोनमॅरोचा रिपोर्ट, हॉस्पिटलने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक. प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच देते. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला आधी गाठा, कारण मंजुरी उपचारांच्या आधी घ्यावी लागते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा असतो. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे. यातलं कुठलंच काम करून देण्यासाठी मधल्या माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत. गेटबाहेर ‘मी करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना मूळ कागद कधीच देऊ नका.

वॉर्डातला दिवस

पहाटे सिस्टर रक्त काढायला येतात. मूल झोपेत असेल तर आधी हळूच उठवून सांगा. झोपेत सुई टोचली की ते पुढचे कित्येक दिवस झोपायलाच घाबरतं. पाठीतलं इंजेक्शन किंवा बोनमॅरो असेल त्या दिवशी गुंगीसाठी उपाशी ठेवायला सांगतात. किती वाजल्यापासून दूध बंद आणि किती वाजल्यापासून पाणी बंद, हे आदल्या रात्री विचारून वहीत लिहा. शेजारच्या बेडवर डबा उघडला की उपाशी पोराचा धीर सुटतो. त्या वेळेला त्याला कॉरिडॉरमध्ये फिरवून आणा. बधिर करणारं मलम मिळत असेल तर ते तासभर आधी लावावं लागतं, ऐन वेळी लावून उपयोग नाही. नंतर सांगतील तितका वेळ सपाट झोपू द्या.

‘काही नाही होणार, दुखणार नाही’ हे वाक्य वॉर्डात वापरू नका. एकदा खोटं पडलं की पुढच्या वेळी तुमचा शब्द चालत नाही. ‘दुखेल, मी दहा म्हणेपर्यंत, मग संपेल’ हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस असतो तेव्हा सलाइन रात्रंदिवस चालतं आणि लघवीचं माप ठेवावं लागतं. मापाचं भांडं, चार्ट आणि पेन बेडखाली एकाच जागी ठेवा. रात्री तीनला पंप वाजायला लागतो. स्वतः बटण दाबू नका, सिस्टरना बोलवा. या औषधासोबत ल्युकोव्होरिन (त्याचा त्रास आवरणारा उतारा) ठरलेल्या तासाला जावंच लागतं. ती वेळ तुमच्याही वहीत असू द्या आणि दहा मिनिटं वर झाली तर बिनदिक्कत विचारा. चांगल्या सिस्टरना याचा राग येत नाही.

हातातली पिक लाइन (शिरेत बरेच दिवस ठेवलेली औषधाची नळी) किंवा छातीतला पोर्ट (औषध टोचायला कातडीखाली बसवलेली डबी) ही घरच्यांची खास जबाबदारी. पारदर्शक पट्टीखाली जिथे नळी आत जाते, ती जागा रोज उजेडात बघायची: लाली, सूज, चिकट पाणी, पट्टीचा सुटलेला कोपरा. आंघोळीच्या वेळी दंडाला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म दोन वेढे गुंडाळायची आणि वरून चिकटपट्टी. एरवी नळी लोंबू नये म्हणून जुन्या सुती पायमोज्याची बोटांकडची बाजू कापून त्याची बाही करतात. वॉर्डातल्या निम्म्या मुलांच्या दंडावर अशी रंगीत बाही असते. काळा दोरा, गंडा त्या हातात नको. आजीचं मन मोडायचं नसेल तर तो उशीच्या खोळीला बांधा.

ताप आला तर

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. काखेत किंवा तोंडात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला (तुमच्या युनिटने वेगळा आकडा दिला असेल तर तो), तर ती आणीबाणी आहे. रात्री दोन असोत, दिवाळी असो, सोबत कुणी नसो. पोहोचल्यावर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून जायला हवा. कॅज्युअल्टीच्या दारात लांबलचक कथा सांगू नका. म्हणा: ‘ए-एल-एल, केमो चालू, ताप १०१, शेवटचा काउंट अमुक.’ ही वाक्यं फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे मुलाला आणणारं माणूस मावशी असली तरी चालेल.

पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ असं करू नका. ताप उतरतो, संसर्ग आत वाढत राहतो. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नकोच, त्याने रक्तस्राव वाढतो. गुदद्वारात थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा काही घालायचं नाही. दंडावर किंवा कमरेवर मारायची इंजेक्शनं गावच्या डॉक्टरांना देऊ देऊ नका.

तापाशिवायही धोका असतो. लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे नळी सलाइनने धुतल्यावर, थंडी वाजून हुडहुडी भरली तर लाइनीत संसर्ग असू शकतो. स्टिरॉइड चालू असताना ताप दबून राहतो; मूल निपचित पडलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, पोट फार दुखायला लागलं, तर थर्मामीटर ९९ दाखवत असला तरी निघा.

सुट्टी मिळून गावी गेलात तर आधीच ठरवून ठेवा: सगळ्यात जवळचं, शिरेतून अँटिबायोटिक देऊ शकेल आणि सीबीसी करू शकेल असं हॉस्पिटल कोणतं. मुंबईच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावाने पत्र घ्या, त्यात ताप आल्यास द्यायचं औषध लिहिलेलं असावं. तापलेलं मूल घेऊन आठ तासांचा प्रवास करून परळ गाठणं चूक आहे. आधी पहिला डोस, मग फोन, मग प्रवास.

कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर मूल ठणठणीत दिसलं तरी त्याच दिवशी कळवा. घरातल्या धाकट्याला पोलिओचे थेंब द्यायची वेळ आली तर आधी विचारा. तोंडावाटे द्यायच्या लशीत जिवंत विषाणू असतात.

रक्त, प्लेटलेट आणि माणसं जमवणं

प्लेटलेट फार खाली गेल्या की अंगावर लाल ठिपके दिसतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. मऊ ब्रश वापरा, नाक कोरू देऊ नका. नाकातून रक्त आलं तर मूल बसतं ठेवा, डोकं किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

सिंगल डोनर प्लेटलेट म्हणजे एसडीपी, एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या. दात्याला तास-दीड तास बसावं लागतं. प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत. माणसंच तयार ठेवावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अर्जंट’ मेसेज फिरवण्यापेक्षा वहीच्या शेवटच्या पानावर दहा-पंधरा दात्यांची यादी करा: रक्तगट, राहतो कुठे, परळला यायला किती वेळ, शेवटचं कधी दिलं. वजन ५० किलोच्या वर, पोटभर जेवून आलेला, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन न घेतलेला, हाताची शीर ठसठशीत असलेला माणूस हवा. गणेश मंडळं, कॉलेजची एनएसएस, ऑफिसातले लोक मनापासून येतात. त्यांना वेळ आणि मजला नीट सांगा आणि आल्यावर चहा पाजा. तेच लोक दुसऱ्यांदा येतात. आईबाबा, सख्खी भावंडं, काका-मामा यांनी रक्त देण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा. जवळच्या नात्यातलं रक्त काही वेळा अडचणीचं ठरतं, आणि पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट लागलंच तर आणखी.

खाणं, आणि स्टिरॉइडचे दिवस

नियम सोपा आहे: ताजं, शिजवलेलं, गरम, घरचं. पाणी उकळून गार केलेलं. कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर वरून भुरभुरलेली भाजी, बाहेरची चटणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, उघडी कापलेली फळं बंद. केळं, मोसंबी, संत्रं अशी जाड सालीची फळं धुऊन, सोलून चालतात. उकडलेलं अंडं पूर्ण शिजलेलं. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ असेल तर वजनाचा तक्ता तिला दर आठवड्याला दाखवा.

तोंड आलं की मऊ भात, गार करून दूध-साखरेची लापशी, मुगाचं वरण, ज्वारीची पातळ पेज. तिखट आणि आंबट नको. मीठ-सोड्याच्या गुळण्या मुलं टाळतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या प्रत्येक जाहिरातीला एक गुळणी असं ठरवलं तर जमतं.

स्टिरॉइडचे आठवडे वेगळेच असतात. आमची मुलगी मध्यरात्री उठून वरणभात मागायची, तोही तूप घालूनच, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर ताट भिरकावायची. चेहरा फुगतो, पोट सुटतं, रडू येतं, पाय दुखतात. हे औषधाचं काम आहे, संस्काराचं नाही. शेजारच्या बेडवरच्या काकूंना काही का वाटेना. रात्रीसाठी थर्मासमध्ये मऊ भात तयार ठेवा. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स कमी, कारण मिठाने सूज आणि रक्तदाब वाढतो. साखर वाढते म्हणून फार तहान, फार लघवी दिसली तर सांगा. आणि चिडचिड होते म्हणून स्टिरॉइड स्वतः एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

व्हिन्क्रिस्टिनने शी कडक होते, जबडा दुखतो, चालताना पाऊल घासतं. दोन दिवस शी झाली नाही की औषध मागा. जिना चढताना पाय अडखळायला लागला तर तेही सांगा.

आता काढे. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, कुठल्याशा वैद्याची भस्मं, हे सगळं प्रेमाने येतं. पानांचा कच्चा रस म्हणजे न्यूट्रोफिल ३०० असलेल्या मुलाच्या पोटात जंतू ओतणं. भस्म आणि काढे केमोच्या औषधांसोबत यकृतावर काय करतील ते कुणी सांगू शकत नाही. कुणी दिलंच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ओरडतील, पण रिपोर्ट बिघडल्यावर कारण शोधत बसावं लागणार नाही. अंगारा कपाळाला लावा, तीर्थ पाजू नका.

भेटायला येणारे, आणि घरी राहिलेलं भावंड

‘बघून जातो’ म्हणणाऱ्यांना व्हिडिओ कॉल द्या. फार आग्रह झाला तर कामं सांगा: एक डबा, एक प्लेटलेट, तहसीलदार कार्यालयातली एक फेरी. सर्दी असलेल्याला दारातूनच परत पाठवायचा अधिकार तुमचा आहे, तो सासऱ्यांच्या भावाला असला तरी.

गावी आजीकडे राहिलेलं दुसरं मूल गप्प होतं किंवा हट्टी होतं. त्याला खरं सांगा: ताईला रक्ताचा आजार आहे, तो लागत नाही, आणि तू तिला ढकललं होतंस म्हणून झालेला नाही. रोजची ठरलेली वेळ फक्त त्याच्या फोनची ठेवा आणि त्या दहा मिनिटांत काउंटचा विषय काढू नका.

मेंटेनन्सच्या गोळ्या

इथे वॉर्ड सुटतो आणि सगळं घरावर येतं. मर्कॅप्टोप्युरिन रोज, शक्यतो ठरलेल्या वेळी. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच. ही गफलत जीवघेणी आहे. मेथोट्रेक्सेटचा वार पक्का करा, समजा गुरुवार, आणि बाटलीवर मार्करने ‘फक्त गुरुवार’ लिहा. बाटली मर्कॅप्टोप्युरिनजवळ ठेवू नका. सेप्ट्रान या अँटिबायोटिकची गोळीही चुकवायची नाही, ती न्यूमोनियापासून वाचवते. काउंट बघून डोस कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे जुनी चिठ्ठी फाडून टाका. गोळी दिल्यावर उलटी झाली तर स्वतःच्या मनाने पुन्हा देऊ नका, फोन करा. गोळ्या अर्ध्या करताना हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला या औषधांना हात लावू देऊ नका.

या काळात बरीच मुलं शाळेत जातात. वर्गशिक्षकांना आधी भेटा आणि एकच मागणी करा: वर्गात कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन.

शेवटची गोळी झाल्यावर पेढे वाटा, पण सेप्ट्रान डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा आणि लशी पुन्हा कधी द्यायच्या ते विचारा, सहसा सहाएक महिन्यांनी सुरू होतात. डिस्चार्जच्या कागदांबरोबर उपचारांचा संपूर्ण गोषवारा मागून घ्या: प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण दिलेली मात्रा. लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून पुढे अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, आणि मूल पंचवीस वर्षांचं झाल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरला तो एकूण आकडाच हवा असतो. त्याच्या तीन प्रती काढा: एक घरी, एक गावच्या डॉक्टरांकडे, एक मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर.